घावण, आंबोळी आणि वड्याचं पीठ

१ जूनला यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद झाली की आमच्या शेडचा हंगाम सुरू होतो. ३१ जुलैपर्यंत जे काय करायचं ते करायचं. होड्या वर ओढून शाकारल्या जातात, आणि ज्यांना काही दुखणं आहे त्या आधी आमच्या दारात येतात. मालवण तालुक्यातली ही शेड माझ्या सासऱ्यांची. आबा जन्मभर लाकडी होड्या बांधत आले. फायबर आलं तेव्हा त्यांनी ते मनापासून कधी हातात घेतलं नाही, पण शेड बंदही केली नाही. आता फायबरचं काम मी आणि नवरा बघतो. मी बी.एस्सी. केमिस्ट्री. लग्नाआधी होडीत बसले होते ती फक्त सिंधुदुर्ग किल्ल्यावर जायला.

आज पावडरीबद्दल लिहायचंय. लोक मला रेझिन, म्हणजे फायबरच्या कामातलं घट्ट होणारं चिकट द्रव्य, कुठलं घेऊ विचारतात; मॅट, म्हणजे काचतंतूंची चटई, किती थर लावू विचारतात. त्या रेझिनमध्ये मिसळायची पावडर कुठली, हे फारसं कुणी विचारत नाही. दुकानात जी मिळेल ती. आणि सांधा सुटतो तो बहुतेक वेळा तिथेच.

गेल्या वर्षी जूनमध्ये एक २२ फुटी फायबरची होडी आली. मालक शेजारच्या वाडीतले, आम्ही त्यांना काका म्हणतो. नाळेकडच्या, म्हणजे पुढच्या टोकाकडच्या, खणाची आडवी भिंत सैल झाली होती. “लाटेवर आपटली की आतून कट् कट् करते,” काका म्हणाले. दोन वर्षांपूर्वी दुसरीकडे तीच भिंत चिकटवून घेतली होती म्हणे. मी आत उतरले, छिन्नी लावली आणि हातोडीचा एक हलका ठोका दिला, तर हातभर लांब पुट्टीची पट्टी अखंड सुटून हातात आली. उलटी करून पाहिली. पाठ गुळगुळीत, आणि होडीच्या आतल्या निळ्या रंगाचा पापुद्रा जसाच्या तसा तिला चिकटलेला. म्हणजे त्या पुट्टीने फायबरला कधी धरलंच नव्हतं, रंगाला धरलं होतं. आणि खालच्या टोकाला, जिथे तळातलं पाणी साचून राहतं, तिथे नख लावलं तर नख आत गेलं.

ती गाड्यांच्या पत्र्याला लावतात ती पुट्टी होती. पॉलिएस्टर रेझिन आणि त्यात भरपूर शंखजिऱ्याची पूड, म्हणजे टाल्क. पत्र्यावर ती छान काम करते. पातळ थर, वर रंग, पाणी बसून राहत नाही, घासायला मऊ. होडीच्या तळाशी ती रात्रंदिवस ओलाव्यात राहते, पाणी पिते आणि भुसभुशीत होते. शिवाय पॉलिएस्टर घट्ट होताना सात-आठ टक्क्यांपर्यंत आकसतं. जुन्या, वाळून कडक झालेल्या फायबरवर ते नव्याने नीट धरत नाही, आणि वर स्वतःच आकसून ओढ घेतं. एपॉक्सी हे दुसरं रेझिन महाग आहे, मान्य, पण जुन्या पॉलिएस्टरच्या होडीला नवा तुकडा चिकटवायचा तर मी एपॉक्सीच वापरते. उलट मात्र करू नका. एपॉक्सीवर पॉलिएस्टर भरवशाने धरत नाही, त्यामुळे एकदा एपॉक्सी लावली की पुढची डागडुजीही एपॉक्सीनेच.

आता पावडरी.

पहिली सिलिका. एरोसिल म्हणूनच लोक ओळखतात, मूळ नाव एका कंपनीच्या मालाचं. जर्मनीत देगुसा कंपनीच्या हॅरी क्लोएफर या रसायनतज्ज्ञाने १९४२ मध्ये ती करायची रीत काढली. सिलिकॉन टेट्राक्लोराइडची वाफ हायड्रोजनच्या ज्योतीत जाळायची, की हे पांढरं धुकं खाली उतरतं. धुकंच म्हणायला हवं. एक किलो घेतली तर वीस लिटरच्या आसपास जागा व्यापते, मोठ्या उशीएवढी पिशवी होते, आणि पिशवीचं तोंड उघडून शिंकलात तर अर्धी शेडभर. नेहमीच्या प्रकारातल्या एका ग्रॅमचं पृष्ठफळ २०० चौरस मीटर असतं. बॅडमिंटनची अडीच कोर्टं एका चिमटीत! त्या पृष्ठभागावर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या असतात, त्या शेजारच्या कणाला हलकेच धरतात आणि रेझिनमध्ये जाळं विणलं जातं. तुम्ही ढवळलंत की जाळं तुटतं, मिश्रण सैल होतं. हात थांबला की परत विणलं जातं. म्हणून उभ्या भिंतीवर लावलेला थर ओघळत नाही, पण काडीने ओढला तर सुरसुरीत सरकतो. कॉलेजात थिक्सोट्रॉपी हा शब्द मी पाठ केला होता. तो कळला मात्र या शेडमध्ये, काडी उचलल्यावर टोकाशी उभं राहिलेलं आणि न वाकलेलं ते शेपूट बघून.

सिलिका ओघळ थांबवते. ताकद फारशी वाढवत नाही. जास्त घातली तर वाळल्यावर मिश्रण इतकं टणक होतं की घासताना पॉलिश पेपर संपतो, हात दुखतात, आणि सांधा काचेसारखा ठिसूळही होतो.

ताकदीसाठी बारीक कुटलेले काचतंतू. आम्ही त्याला नुसतं ‘मिल्ड’ म्हणतो. दिसायला मिठासारखं, पण चिमटीत घासलंत तर दिवसभर खाज. हे तंतू मिश्रणात एकमेकांना आडवेतिडवे अडकतात आणि चीर पुढे जाऊ देत नाहीत. त्यांचा दोष एकच, ते जड असल्याने खाली बसतात. वाटीत वर पातळ रेझिन, खाली गाळ. म्हणून आधी मिल्ड घालायचं, आणि त्याला लोंबकळत ठेवायला मागून थोडी सिलिका. दोघं मिळून काम करतात.

तिसरी पोकळ काचेच्या गोळ्यांची पावडर, मायक्रोबलून. ती हलकी, तिचं मिश्रण लोण्यासारखं पसरतं आणि वाळल्यावर पेपरने दोन हातांत सपाट होतं. खड्डे भरायला, बाहेरून सफाई आणायला तिच्यासारखी दुसरी नाही. पण तिने काही चिकटवू नका. मी चिकटवलं होतं. तिसऱ्या की चौथ्या वर्षी एका लहान होडीच्या बसायच्या फळीला मी हीच वापरली, घासायला सोपी म्हणून. गणपतीपर्यंत फळी निघाली. तुटलेली कड बघितली तर पावासारखी, सगळीकडे बारीक भोकं. गोळ्या पोकळ, मग भार घेणार कोण? ती फळी मी पुन्हा बसवून दिली, पैसे न घेता, आणि तो तुकडा आजही शेडच्या खिडकीत ठेवला आहे.

आणि चौथी आबांची. लाकडी होडीच्या कामाला आम्ही लाकडाचाच भुगा वापरतो, करवतीचा जाडा नव्हे, पॉलिश मशीनच्या पिशवीतला पिठासारखा. आबा तो बारीक चाळणीने चाळून देतात. फणसाचा, आईनाचा वेगवेगळा. पावसाळ्यात तो ओलावा धरतो, म्हणून वापरण्याआधी जुन्या तव्यावर मंद आचेवर हलवून घ्यायचा, हाताला कोरडा लागेपर्यंत. सांध्याचा रंग लाकडात मिसळून जातो. आबांना पावडर मिसळणं नवं नाहीच. त्यांच्या काळात फळ्यांच्या सांध्यांत कापसाची वात ठोकून वर राळ आणि तेल उकळून लावायचे, आणि बाहेरून लेप द्यायचा तर तेलात चुना मळायचे. रेझिनला ते अजून राळच म्हणतात. मराठीत तो शब्द आहेच, मीच दुसरा वापरते.

आता मिसळणं. हे सावकाश सांगते, कारण बिघडतं ते इथे.

आधी रेझिन आणि ते घट्ट करणारा हार्डनर. नेहमीच्या कामाला आमच्याकडे शंभराला दहा या वजनाच्या प्रमाणाचं एपॉक्सी असतं. दहा ग्रॅममध्ये दोन ग्रॅमची चूक म्हणजे वीस टक्के चूक, म्हणून अंदाजपंचे ओतणं नाही, वजनकाटा हवाच. आणि हार्डनरचं प्रमाण फक्त रेझिनवर काढायचं, पावडरीचं वजन त्यात धरायचं नाही. दोन्ही एकत्र करून वाटीच्या कडा आणि तळ खरवडत पूर्ण दोन मिनिटं ढवळायचं. त्यानंतर पावडर. मी नवीन असताना आधी रेझिनमध्ये पावडर मळून ठेवली आणि वरून हार्डनर ओतला होता, वेळ वाचेल म्हणून. आबा दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, “आधी ह्या दोघांचा लगीन लाव गो, वऱ्हाडी मागसून बोलय.” घट्ट पिठात पातळ हार्डनर सगळीकडे पोचत नाही. त्या सांध्यात दुसऱ्या दिवशी बोटभर जागा चिकट राहिली होती, आणि ती कधीच वाळली नाही.

किती घट्ट करायचं, हे आमच्याकडे तीन शब्दांत चालतं. घावण, आंबोळी, वड्याचं पीठ. घावणाच्या पिठासारखं म्हणजे पळीतून धार पडते, ते दोन सपाट तुकड्यांच्या मधे भरायला. आंबोळीचं पीठ म्हणजे पळीतून गोळ्याने पडतं आणि सावकाश पसरतं, ते दाबून चिकटवायच्या जागी. आणि मालवणी वड्याच्या पिठासारखं, हाताने वळलं तर आकार धरणारं, ते कोपरे भरायला आणि उभ्या भिंतीला. शेडमध्ये मदतीला येणाऱ्या मुलांना ग्रॅम सांगून हे कळत नाही, पण आंबोळी म्हटलं की कळतं. सगळ्यांनी घरी बघितलेलं असतं. ग्रॅमही सांगते: साध्या आंबोळीला शंभर ग्रॅम मिश्रणात पाच-सहा ग्रॅम सिलिका लागते. मे महिन्यात रेझिन उष्णतेने पातळ असतं, तेव्हा थोडी जास्त.

एका वेळी थोडंच कालवा. मे महिन्यात दुपारी एकदा मी दीड किलोचा घाट घातला, प्लास्टिकच्या बादलीत. एपॉक्सी घट्ट होताना उष्णता सोडतं, आणि ढिगाऱ्यात ती उष्णता बाहेर पडायला वाट नसते. पंधरा मिनिटांत बादलीतून पिवळा धूर, तळ वितळून खाली वाळूत. मी ती फावड्याने ओढत अंगणात नेली. आता पसरट ताटलीत काढून घेते, थर बोटाच्या पेरापेक्षा कमी ठेवते आणि दोनशे ग्रॅम रेझिनच्या वर एकदम कालवत नाही.

पॉलिएस्टरवाल्यांसाठी इथेच एक गोष्ट, कारण लहान मुलं शेडमध्ये फिरतात. कोबाल्ट (घट्ट होण्याचा वेग वाढवणारा) आणि कॅटलिस्ट (घट्ट होणं सुरू करणारा) हे दोन्ही कधीही एकमेकांत थेट मिसळू नका. स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण मुरवायचा, मग वेगळ्या मापाने कॅटलिस्ट. आमच्याकडे दोन्ही बाटल्या शेडच्या दोन टोकांना असतात आणि मापंही वेगळ्या रंगांची.

पावडर हाताळताना आणि वाळलेलं घासताना मास्क लावा. ही सिलिका वाळूतल्या स्फटिकासारखी नाही, दगडफोड्यांच्या फुप्फुसाचा रोग तिने होत नाही, पण म्हणून ती छातीत भरून घ्यायची नसते. काचेची पूड तर नाहीच नाही. साधा रुमाल चालत नाही.

तर काकांची होडी. त्या आठवड्यात पाऊस लागून होता, हवा अशी की हात फिरवला तर ओला होईल. अशा हवेत साध्या हार्डनरच्या एपॉक्सीवर मेणचट थर येतो, तो पाण्याने आणि घासणीने धुतल्याशिवाय पुढचा थर धरत नाही. म्हणून मी दुसरा हार्डनर काढला, दमट हवेतही नीट बसणारा. त्याचं नाव फिनाल्कामाइन, आणि तो काजूच्या टरफलांच्या तेलापासून बनतो. हे मी पहिल्यांदा माहितीपत्रकात वाचलं तेव्हा उठून आबांना सांगायला गेले. लाकडी होडीला वाळवी आणि पाणी लागू नये म्हणून ते हेच काजूच्या टरफलांचं तेल चोपडत आले आहेत. त्यांच्या तळहातावर त्या तेलाने भाजल्याचे डाग अजून आहेत. त्यांनी डबा हातात घेतला, झाकण उघडून वास घेतला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. त्या दिवसापासून माझ्या एपॉक्सीकडे ते जरा आपुलकीने बघतात असं मला वाटतं.

भिंतीच्या दोन्ही बाजूंना चार-चार बोटं जागा ४० नंबरच्या डिस्कने घासली. रंग गेला, खालचा जेलकोट, म्हणजे फायबरवरचा गुळगुळीत थर, गेला, पांढरे काचतंतू दिसेपर्यंत. ॲसिटोनने पुसलं. मग ब्रशने नुसतं, बिनपावडरीचं एपॉक्सी पातळ फिरवलं. ही पायरी लोक गाळतात. घट्ट पीठ कोरड्या फायबरवर दाबलं तर ते फक्त बसतं, आत शिरत नाही. पातळ थर आधी शिरतो, आणि तो ओला असतानाच वर पीठ आलं की दोन्ही एक होतात.

मग दोनशे ग्रॅम रेझिन, डब्यावरच्या प्रमाणात हार्डनर, पन्नास ग्रॅम मिल्ड, शेवटी दहा-बारा ग्रॅम सिलिका. वड्याचं पीठ. प्लास्टिकच्या पिशवीत भरून कोपरा कापला आणि केकवर नक्षी काढतात तशी सांध्यात जाड वळी सोडत गेले. आता त्या वळीला गोलाई द्यायची. त्यासाठी माझ्याकडे करवंटीचे तुकडे आहेत, वेगवेगळ्या गोलाईचे, कड पॉलिश पेपरने घासून त्यावर मेण लावलेले. पाऊण इंची गोलाईचा घेतला आणि एका दमात, न थांबता, वरून खाली ओढला. मधे हात थांबला तर तिथे पायरी दिसते. दोन्ही कडांना जे जास्तीचं निघालं ते चपट्या काडीने उचललं. कोपरा असा गोल का हवा? एक तर काटकोनात सगळा ताण एका रेषेवर येतो. दुसरं, काचेचं कापड काटकोनात वाकत नाही, मागे हवेची पोकळी राहते आणि फुटायला सुरुवात तिथूनच होते.

नख लावलं तर खूण उमटेल पण चिकटणार नाही, एवढं झालं तेव्हा वर कापडाच्या पट्ट्या घातल्या. पहिली अरुंद, दुसरी तिच्याहून रुंद, तिसरी आणखी रुंद. एपॉक्सीबरोबर विणलेलंच कापड घ्या. साध्या मॅटचे तंतू ज्या चिकाने धरलेले असतात तो चीक पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनने विरघळतो, एपॉक्सीत विरघळत नाही. मॅट ताठ राहते आणि कोपऱ्यात उठून येते. होडी नारळी पौर्णिमेनंतर पाण्यात गेली.

ती याच आठवड्यात परत वर आली आहे, तळाच्या रंगासाठी. काकांची तक्रार काही नाही, कट् कट् बंद आहे. तरी मी आत उतरले आणि दहाच्या नाण्याने सगळा सांधा ठोकत गेले. धरलेल्या जागी टण् येतो, सुटलेल्या जागी थप्. उजवी बाजू पूर्ण टण्. डावी बाजू वरून टण्, टण्, टण्, आणि अगदी खाली, तळाजवळ, वीतभर लांबीवर थप्.

घरी येऊन वही काढली. प्रत्येक वाटीची नोंद ठेवते मी. शेवटची वाटी त्या जागेची होती. सिलिका १७ ग्रॅम. बाजूला लिहिलंय: ओघळत होतं म्हणून वाढवली, पाऊस आत येत होता. म्हणजे वड्याच्या पिठाच्याही पलीकडे गेलं, कोरडं पडलं, आणि ओल्या थराशी मिसळलंच नाही. बहुधा तो पातळ थरही तोवर ओला राहिला नसेल. काकांना फोन करून सांगितलं की वीतभर जागा मला पुन्हा करायची आहे, खर्च आमचा. आबांना वही दाखवली. त्यांना आकडे वाचायचे नव्हते. ते स्वतः होडीत उतरले, गुडघे धरत, नाणं मागून घेतलं, तीच वीतभर जागा तीनदा ठोकली.

“उघड गो,” म्हणाले. “आत काय आसा ता बघूया.”

खडूने त्या जागेभोवती गोल काढून ठेवला आहे. उद्या उघडीप मिळाली तर सकाळी डिस्क लावते.